पणजीचा दाखला आयर्लंडला चालतो, आईचा महाराष्ट्राला का चालत नाही?

गेल्या जूनमध्ये एकाच आठवड्यात दोन घरांची कागदपत्रे माझ्यासमोर आली. एक घर इंग्लंडमधले, दुसरे आमच्या कुंडलमधल्या बौद्ध वस्तीतले. दोन्ही घरांत प्रश्न एकच होता : मुलाला आईच्या बाजूने वारसा मिळतो की नाही?

पहिल्या घराची गोष्ट आधी सांगते. एम. ए.ला माझ्या वर्गात असलेला एक मित्र आता लंडनजवळ नोकरी करतो. मूळचा मिरजेचा, बौद्ध. बायको तिकडचीच, नर्स. तिची आजी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात जन्मली आणि तरुणपणी कामासाठी इंग्लंडला आली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडायचे ठरल्यापासून तिकडे हजारो लोक आपली आयरिश आजी शोधू लागले, त्यांतलेच हे दोघे. आयर्लंडचा १९५६चा नागरिकत्व कायदा असा आहे : तुमची आजी किंवा आजोबा, आईकडचे असोत की वडिलांकडचे, आयर्लंडच्या बेटावर जन्मलेले असतील, तर तुम्ही जगात कुठेही जन्मला असलात तरी परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून आयर्लंडचे नागरिक होऊ शकता. त्याच्या पुढच्या पिढीलाही हे मिळते, पण मूल जन्मण्याआधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःची नोंद केलेली पाहिजे. कारण हे नागरिकत्व नोंदीच्या तारखेपासून लागू होते, मागे जात नाही.

वहिनींनी बाळंतपणाआधी स्वतःची नोंद करून घेतली होती, म्हणून बाळाचीही झाली. फाइलमध्ये काय होते? पणजीचा जन्मदाखला, पणजीच्या लग्नाचा दाखला, आजीचा जन्मदाखला, आजीच्या लग्नाचा दाखला, आईचा जन्मदाखला, बाळाचा जन्मदाखला. साखळीतल्या तिन्ही पिढ्या बायकांच्या. एकाही टप्प्यावर कुणी म्हणाले नाही, "पुरुषाच्या बाजूचा कागद आणा."

आता कुंडलचे घर. ताईंचे नाव लिहीत नाही. ताई इथल्याच, बौद्ध. कामाला पुण्यात असताना त्यांनी खुल्या प्रवर्गातल्या मुलाशी लग्न केले. चळवळीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, सासरच्यांनी दार लावले. मुलगी दोन वर्षांची असताना नवरा सोडून गेला आणि ताई तिला घेऊन माहेरी आल्या. मुलगी बौद्ध वस्तीत वाढली, विहारात वंदना म्हणायला शिकली, शाळेत तिला ज्या नावाने हिणवले गेले ते नाव तिच्या बापाच्या जातीचे नव्हते. यंदा ती बारावी विज्ञान झाली. पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि त्यावर पडताळणी हवी. मी ताईंसोबत एका कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले आणि म्हणाला, "हे सगळं आईकडचं आहे. वडिलांकडचं कुठाय?" ताई म्हणाल्या, "त्यांच्याकडचं कोण देणार? तोंड बघत न्हाईत." तो म्हणाला, "मग ओपनमधून भरा."

बाहेर येऊन ताई पायरीवर बसल्या. एवढंच म्हणाल्या, "पोर मी वाढवली, आन् कागुद त्येचा?"

हा लेख त्या एका वाक्याचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

मित्रांनो, मी आयर्लंडचे गोडवे गायला बसलेले नाही. वंशावरून नागरिकत्व देणे ही काही फार पुरोगामी गोष्ट नाही. त्याच आयर्लंडने ११ जून २००४ रोजी सार्वमत घेतले आणि सुमारे ७९ टक्के मतांनी ठरवले की, इथून पुढे केवळ आयर्लंडच्या भूमीवर जन्मला म्हणून कोणी नागरिक होणार नाही. म्हणजे डब्लिनच्या रुग्णालयात जन्मलेल्या स्थलांतरित मजुराच्या मुलाने आईवडिलांच्या रहिवासाचे पुरावे द्यायचे आणि ज्याने आयर्लंड कधी पाहिलेही नाही, अशा बोस्टनमधल्या नातवाने आजीचा दाखला दाखवून आत यायचे. रक्ताला मान आणि घामाला दार बंद, हे आपल्याला नवे नाही. पण त्या रक्ताच्या हिशोबातसुद्धा आईचे रक्त आणि बापाचे रक्त एकाच मापाने मोजले जाते. आपल्याकडे तेवढेही होत नाही, हा माझा मुद्दा आहे.

आपण मराठी माणसे तर वंश म्हटले की बापाचाच धरतो. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी मालवण तालुक्यातल्या वराड गावाचे किती कौतुक केले! वडील अशोक वराडकर मुंबईत जन्मलेले डॉक्टर, आई मिरियम आयरिश परिचारिका. लिओ जन्मले, वाढले डब्लिनमध्ये. तरी ते 'आपले' झाले ते आडनावामुळे. आता उलटे करून बघा. आई वराडची असती आणि बाप आयरिश, आडनाव मर्फी असते, तर आपण त्यांना मालवणचा सुपुत्र म्हटले असते का? आपल्या कौतुकातसुद्धा आईचे गाव नसते.

भारतीय राज्यसंस्थेचा हिशोब तर अजून गमतीचा आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीयत्व मिळायचे ते फक्त बाप भारतीय असेल तर. आई भारतीय असून उपयोग नव्हता. ही चूक दुरुस्त व्हायला १९९२ उजाडले. १० डिसेंबर १९९२ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलासाठी आई किंवा वडील, कोणीही एक भारतीय असले तरी चालते. पुढे परदेशस्थ भारतीयांसाठी ओसीआय कार्ड आले. भारतीय नागरिकाचे मूल, नातवंड आणि पतवंडसुद्धा या कार्डाला पात्र आहे, आणि ही नाळ आईकडून आली की बापाकडून, हे कायदा विचारत नाही. म्हणजे न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलाने आईच्या आजोबांचा कागद दाखवला तर भारत सरकार त्याला आपला मानते. कुंडलमध्ये जन्मदात्या आईच्या घरी वाढलेल्या मुलीने आईच्या आजोबांचा कागद दाखवला तर तिला सांगतात, "बापाचा आणा." परदेशात गेलेल्यांचा वंश चार पिढ्या दोन्ही बाजूंनी चालतो आणि गावकुसाबाहेर राहिलेल्यांचा एकाच बाजूने. हा योगायोग आहे का?

आता आपल्या दाखल्याची रचना बघू. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्या तारखेला किंवा त्याआधी तुमचे पूर्वज या राज्याच्या हद्दीत राहत होते आणि त्यांची जात यादीतली होती, हे कागदाने दाखवायचे. त्यासाठी वंशावळ काढायची आणि शपथेवर द्यायची. त्या वंशावळीत पणजोबा, आजोबा, वडील, चुलते, चुलतभाऊ आणि आत्या. आत्या चालते, मावशी चालत नाही. चुलत्याची पडताळणी झालेली असेल तर काम सोपे, मामाची झालेली असेल तर "ते वेगळे कुटुंब". २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करायचा भार अर्जदारावर आहे. म्हणजे चोर नसल्याचे तुम्हीच सिद्ध करायचे.

कुंडलच्या माणसाला तर ही साखळी जोडताना घाम फुटतो. १९४८ पर्यंत कुंडल औंध संस्थानात होते. विलीनीकरण झाले, मग दक्षिण सातारा जिल्हा आला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले, आणि पलूस तालुका तर अगदी अलीकडचा. पणजोबाच्या कागदावर औंध संस्थान, आजोबाच्या कागदावर दक्षिण सातारा, वडिलांच्या कागदावर सांगली. गाव एकच, माणसे तिथेच, पण कागद बघणाऱ्याला तीन ठिकाणची तीन कुटुंबे दिसतात.

हा साखळीतला पहिला तुटका दुवा. दुसरा धर्माचा. पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत 'महार', आजोबांच्या नोंदीत 'हिंदू महार', १९५६च्या धम्मदीक्षेनंतर वडिलांच्या नोंदीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध'. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या १९९० मध्ये, दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. त्या ३४ वर्षांत ज्यांनी अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, त्यांच्या नातवंडांना आज विचारतात, मग जात कुठे आहे?

तिसरा तुटका दुवा बाईचा. वहिनींच्या फाइलमध्ये प्रत्येक पिढीच्या लग्नाचा दाखला होता, म्हणून माहेरचे आडनाव आणि सासरचे आडनाव एकाच बाईचे आहे हे सहज कळले. आमच्या आज्यांच्या लग्नाची नोंद कोणी केली? बाई सासरी आली की आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, पुष्कळदा तिचे स्वतःचे नावही बदलते. शाळेत ती गेलेली नसते, जमीन तिच्या नावावर नसते. सांगलीतल्या कितीतरी घरांत आजी अथणी-कागवाडकडची, म्हणजे आज कर्नाटकातली. जिचा कागदच केला नाही, तिच्या वाटेने आलेल्या नातीला कागद मागायचा. आणि कागद नाही म्हणून तिची वाटच अमान्य करायची.

आणखी एक विसंगती लक्षात घ्या. लग्नाने बाईची जात बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या सुनीता सिंह प्रकरणातही सांगितले आहे. म्हणूनच लग्न झालेल्या बाईला दाखला काढायचा असेल तर ती माहेरचे कागद आणते. म्हणजे व्यवस्थेच्या मते आईची जात लग्नाने जात नाही, आणि मुलाला येतही नाही. ती तिच्यापाशी सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते. बाई म्हणजे वंशावळीतले शेवटचे स्टेशन.

हे असे का, याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१६ सालीच देऊन ठेवले आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी दाखवून दिले की जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर, आणि जातीअंतर्गत विवाह टिकतो तो बाईवरच्या पहाऱ्यावर. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे सगळे त्या पहाऱ्याचे प्रकार. मी म्हणते, आज दाखल्याच्या खिडकीवर आईचा कागद बाजूला सारणे हा त्याच पहाऱ्याचा कागदी अवतार आहे. आंतरजातीय लग्नाला शासन प्रोत्साहन अनुदान देते, आपण सत्कार करतो. पण ते लग्न मोडले तर शिक्षा कुणाला? बाईला आणि तिच्या लेकराला. बाप निघून जातो आणि जाताना मुलाचा सामाजिक इतिहासही घेऊन जातो.

मग कायदा काय म्हणतो? कायदा खिडकीतल्या माणसापेक्षा पुढे आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई डाभाई नाईका विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात निकाल दिला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांचे खंडपीठ. आई आदिवासी, वडील बिगरआदिवासी, असे ते प्रकरण होते. न्यायालयाने सांगितले की मुलाला बापाची जात येते असे गृहीत धरता येईल, बाप पुढारलेल्या जातीचा असेल तर ते गृहीतक अधिक जोरकसही असेल, पण ते अंतिम नाही. आईने वाढवले, आईच्या समाजात वाढलो, त्या समाजाच्या वाट्याला आलेली वंचना आणि अपमान सोसले, आणि समाज आपल्याला त्याच जातीचे मानतो, असे मुलाने पुराव्याने दाखवले तर त्याला आईची जात मिळू शकते. ताईंच्या मुलीला यातली एकही अट लागू होत नाही असे नाही. सगळ्या होतात. पण 'आईकडचं चालत नाही' हे वाक्य खिडकीत कायद्यासारखे वापरले जाते आणि आपण ते कायदा समजून घरी येतो.

या 'चालत नाही'ची किंमत आपण एकदा मोजली आहे. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. राधिकाताई सांगत राहिल्या की मी माला समाजातली आहे, मीच त्याला नवऱ्यापासून वेगळे राहून वाढवले. पण चर्चा रोहितच्या छळावरून हलून रोहितच्या बापाच्या जातीवर नेली गेली. केंद्राने नेमलेल्या रूपनवाल आयोगाने तो दलित नव्हता असे म्हटले, २०२४ मध्ये तेलंगण पोलिसांच्या अहवालातही तेच आले, मग गदारोळ झाल्यावर पुन्हा तपासाची घोषणा झाली. ज्या जातीमुळे त्याला त्रास झाला ती जात मेल्यावर त्याला नाकारली गेली. राधिकाताईंनी आणि राजाने १४ एप्रिल २०१६ ला दादरला धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी आपण सगळ्यांनी जयभीमचा जयघोष केला. पण आपल्या गावातल्या राधिकाताईंच्या फाइलचे आपण काय केले?

आता आपल्यातल्या दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे, कारण ते बाहेरचे नाहीत, आपल्याच बैठकांत येतात.

पहिला आक्षेप : आईची जात चालली तर वरच्या जातीचे बाप आपल्या मुलांना आपल्या जागांवर बसवतील. भीती खोटी नाही. बंगल्यात वाढलेल्या, बापाच्या आडनावावर मान मिळवणाऱ्या मुलाने आईच्या दाखल्यावर जागा घेणे हा अन्यायच आहे. पण २०१२चा निकाल त्याला दार उघडत नाही. तिथे नुसता रक्ताचा संबंध पुरत नाही, वाढ कुठे झाली आणि भोग कुणाचे वाट्याला आले हे दाखवावे लागते. खरे तर आयर्लंडच्या कायद्यापेक्षा ही कसोटी अधिक न्याय्य आहे. तिथे आजीचा दाखला पुरतो, इथे आयुष्य दाखवावे लागते. मग ज्यांच्याकडे दाखवायला आयुष्य आहे, त्यांचे बघायला तरी तयार व्हा. बोगस दाखले काढणारे बापाच्या बाजूनेच काढत आले आहेत. ते रोखायचे म्हणून आईला शिक्षा देण्यात काय अर्थ?

दुसरा आक्षेप : आपण बौद्ध आहोत, आपल्याला जात नाही, मग आईची जात मागायची कशाला? उत्तर सरळ आहे. दाखला ही आपली ओळख नाही. ती झालेल्या नुकसानीची पावती आहे. नुकसान झाले हे नोंदवले तरच भरपाई मागता येते. ताईंच्या मुलीने बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी हिणवायचे थांबवले नाही.

आता कामाचे बोलू. ज्या घरात अशी केस आहे, त्यांच्यासोबत कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

एक, तोंडी नकार घेऊ नका. अर्ज रीतसर भरा, पोच घ्या, नाकारायचा असेल तर लेखी कारणासह मागा. लेखी नकाराविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. तोंडी नकाराविरुद्ध काहीच करता येत नाही, म्हणून तर तो तोंडी असतो.

दोन, आईच्या बाजूची पूर्ण वंशावळ काढा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गावातली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, महार वतनाचे कागद, मामाची पडताळणी. जुन्या नोंदी मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. संस्थानी गावांसाठी औंध, दक्षिण सातारा, सांगली हा बदल अर्जासोबत एका कागदावर स्वच्छ लिहून द्या.

तीन, वाढ कुठे झाली याचे पुरावे. अंगणवाडीपासूनच्या शाळेच्या नोंदी, त्यांतला पत्ता, पालक म्हणून आईची सही, रेशनकार्ड, घटस्फोट किंवा ताब्याबाबत न्यायालयाचा आदेश असेल तर तो, पोटगीचा दावा, शेजाऱ्यांची आणि शिक्षकांची शपथपत्रे. २०१२चा निकाल सोबत जोडा.

चार, शासनाकडे मागणी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहायचे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. स्वागत आहे. पण नावात आई आणि वंशावळीत बापच, हे कसे चालेल? वंशावळीच्या नमुन्यात आईच्या बाजूचा रकाना असला पाहिजे. मूल एकट्या आईने वाढवले असेल तर बापाचा कागद नाही म्हणून अर्ज फेटाळू नये, गृहचौकशी करावी. या दोन ओळींचे परिपत्रक काढायला तिजोरीतून एक रुपया जात नाही.

आणि पाच, आपल्या विहारांसाठी. दर पौर्णिमेला आपण जमतोच. एक पौर्णिमा आजीच्या कागदाला द्या. वस्तीतल्या प्रत्येक म्हातारीचे माहेरचे नाव, गाव, वडिलांचे नाव, लग्नाचे साल एका वहीत लिहून ठेवा. बौद्ध पद्धतीने लागलेल्या प्रत्येक लग्नाची सरकारी नोंद करा. सातारच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला लिहिलेली 'भिवा रामजी आंबेडकर' ही एक ओळ आपण आज विद्यार्थी दिवस म्हणून साजरी करतो. रजिस्टरमधल्या एका ओळीची ताकद आपल्याएवढी कुणाला ठाऊक आहे? पण त्या नावात रामजी आहेत, भीमाई नाहीत. पुढच्या वहीत तरी भीमाई लिहू या.

आमचे कुंडल प्रतिसरकारची राजधानी म्हणून ओळखले जाते. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या काळात गावोगाव न्यायदान मंडळे बसली, परकी सत्तेचा कागद बाजूला ठेवून खरे काय घडले ते माणसांना विचारून निवाडे झाले. चावडी आपली कधी नव्हती हे मला माहीत आहे. पण ताईंची मुलगी कोणी वाढवली हे आज या गावात कुणालाही विचारा. आप्पा दुकानदार सांगेल, शाळेतल्या बाई सांगतील, तिला हिणवणारेही सांगतील. सगळ्या गावाला जे माहीत आहे ते फक्त खिडकीला माहीत नाही.

आम्ही अर्ज पुन्हा भरला. यावेळी आईच्या बाजूची वंशावळ, शपथपत्रे आणि निकालाची प्रत जोडून. पोच घेतली आहे. मुलीचा प्रवेश त्या कागदाच्या वाटेवर थांबला आहे. निकाल काहीही लागो, लेखी लागेल. आणि विरोधात लागला तर तिसाव्या दिवसाच्या आत आम्ही अपिलात असू.

ज्यांच्या वस्तीत अशी एखादी ताई पायरीवरून परत आली असेल, त्यांनी तिच्या घरी जा. तिला एकटीने पुन्हा त्या खिडकीवर पाठवू नका.

जय भीम!